उजेड पाण्यात उतरतो तेव्हा

काकतीच्या आमच्या घरात खिडकीला लागून काचेची दोन फुटी टाकी आहे. गोडं पाणी, आठ-दहा गप्पी मासे आणि माजलेली व्हॅलिस्नेरिया. मध्यंतरी भाच्यानं शाळेतून एक खेळ शिकून आणला. सकाळी टाकीवरचा दिवा लावायच्या आधी वाटीत थोडं पाणी काढायचं, त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन थेंब टाकायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. सकाळचा रंग हिरवट, संध्याकाळचा चक्क निळा.

"मामा, पाण्यात काहीच घातलं नाही, मग हे बदललं कसं?"

घातलं होतं की. दहा तास उजेड.

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनिक आम्ल बनवतो. उजेडात वनस्पती तो ओढून घेतात, आम्ल कमी होतं, पीएच चढतो. रात्री झाडं, मासे, जिवाणू सगळेच नुसता श्वास घेतात आणि पहाटेपर्यंत पीएच पुन्हा उतरतो. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना याच गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक असते: दोन-चार दिवस आभाळ भरून राहिलं की पहाटे मासे तोंडं वर काढतात, कारण दिवसा पुरेसा प्राणवायू तयारच झालेला नसतो.

आंबोली घाट उतरून मालवण गाठलं की हाच व्यवहार खाऱ्या पाण्यात चालतो, पण तिथं एक भागीदार वाढतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) प्रवाळ आहेत. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि उजेडात तयार केलेलं अन्न भाडं म्हणून देतं. त्या जोरावर प्रवाळ चुनखडीचा सांगाडा रचतो. अंधारापेक्षा उजेडात हे बांधकाम सरासरी तिप्पट वेगानं होतं.

बांधकामाला माल लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन वापरले की चुनखडी बनते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गंमत पाहा: शैवाल आम्ल काढून घेतं, सांगाडा बांधणारा प्रवाळ थोडं परत टाकतो. समुद्राला त्याचं काही वाटत नाही. प्रवाळाच्या बंद टाकीत मात्र जुन्या नळ्या काढून प्रखर एलईडी लावले की काही दिवसांतच अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, भराभर उतरू लागते. पाण्याला हातही न लावता पाण्याचा हिशेब बिघडतो. म्हणून दिवा हा मला टाकीचा दागिना वाटत नाही. मिठासारखाच तोही मापानं घालायचा.

अशा टाकीचा पीएच संध्याकाळी ८.३ आणि पहाटे ८ असणं नेहमीचं. फरक किरकोळ दिसतो, पण ०.३ नं उतरणं म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट होणं. त्यात खोली बंद असेल तर माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडही पाण्यात मुरतो. आमच्याकडं आषाढात खिडक्या दिवसेंदिवस उघडत नाहीत, तेव्हा भाच्याच्या वाटीतला निळाही फिका पडतो.

रात्रीच्या या घसरणीवर परदेशातल्या हौशी लोकांचा एक जुना उपाय आहे. त्याला ते जर्मन नावानं 'काल्कवासर' म्हणतात. नाव भारी, वस्तू आपल्या ओळखीची: चुन्याची निवळी! दिवे मालवल्यावर ती थेंबथेंब सोडतात. साठलेला कार्बन डायऑक्साइड ती बायकार्बोनेटमध्ये बदलते, वर कॅल्शियमही देते. घाई केली तर पीएच एकदम उसळतो आणि चुनखडी पाण्यातच साका होऊन बसते. निपाणीकडं तंबाखूबरोबर तळहातावर मळतात, हळदीला लागला की तिला लाल करतो, तोच हा चुना.

कुणाला मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणायचा मोह झालाच, तर सांगून ठेवतो: दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाघाच्या पंगतीला बसवलेला जीव तो. पाहायचा तर पाण्यात उतरूनच, आणि हात न लावता.

निवळीचं ऐकल्यापासून भाच्याला ती आमच्या टाकीत घालून पाहायची आहे. गप्पींचा विचार करून मी वडिलांची चुन्याची डबी सध्या वरच्या फळीवर ठेवली आहे.