ब्रॉयलर कोंबड्यांच्या पायांचे आरोग्य आणि शेडची रचना

प्रस्तावना
कुक्कुटपालन शिकविताना खाद्य, लसीकरण व वजनवाढ यांवर सहसा भर दिला जातो. पक्ष्यांच्या पायांकडे दुर्लक्ष होते. ब्रॉयलर पिल्लू ५ ते ६ आठवड्यांत सुमारे २ किलोचे होते. हा भार कोवळ्या हाडांवर पडतो. लंगडणारा पक्षी खाद्य-पाण्यापर्यंत पोचत नाही. त्याला वेदना होतात आणि पाळणाऱ्याचा तोटा होतो.

संशोधनाचा निष्कर्ष
पाय बिघडण्याचे कारण म्हणजे गर्दी, असा समज आहे. मॅरियन डॉकिन्स व सहकाऱ्यांनी १० कंपन्यांच्या सुमारे २७ लाख पक्ष्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो तपासला. अतिगर्दी घातक असतेच. परंतु काही मर्यादेपर्यंत पक्ष्यांच्या संख्येपेक्षा शेडमधील तापमान, आर्द्रता व गादीची स्थिती यांचा परिणाम अधिक असतो, असे त्यांना आढळले.

पावसाळी प्रदेशातील अडचण
उत्तर कन्नड जिल्ह्यातील अणशी (ता. जोयडा) हे गाव सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे. जून ते सप्टेंबर तेथे मुसळधार पाऊस पडतो. अशा हवेत भाताच्या तुसाची गादी लवकर वाळत नाही. विष्ठा व ओल एकत्र येऊन अमोनिया तयार होतो. ओल्या गादीवर सतत उभे राहिल्याने तळव्याची कातडी मऊ पडते, भाजल्यासारखी काळी होते व तिथे जखमा होतात. पाय दुखू लागला की पक्षी बसून राहतो. मग गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या मागच्या सांध्यावर व छातीवरही चट्टे उठतात.

उपाय
१) जमीन भोवतालपेक्षा उंच घ्यावी, पावसाची झड आत येणार नाही इतके छप्पर बाहेर काढावे.
२) झडीच्या बाजूचे पडदे खाली सोडावेत, पण वरून हवा खेळती ठेवावी. पूर्ण बंद शेडमध्ये ओल वाढते.
३) गादी रोज उलटावी, पाण्याच्या भांड्यांजवळचे ओले तूस काढून कोरडे घालावे. पावसाळ्यापूर्वीच तुसाचा साठा करावा.
४) रात्री काही तास सलग अंधार ठेवावा. विश्रांतीमुळे पायांचे विकार कमी होतात.

प्रात्यक्षिक
विद्यार्थ्यांना मूठभर गादी दाबावयास सांगावे. गोळा तसाच राहिला तर ती ओली. किंचित धरून लगेच सुटली तर योग्य. मुळीच धरली नाही तर अति कोरडी, धूळ उडविणारी. नंतर काही पक्ष्यांचे तळवे पाहून नोंद करावी. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की गादी आणि पाय यांचा संबंध विद्यार्थ्यांना स्वतःच उमगेल.