कवच आणि कळ

बदकाची निरोगी मादी बहुधा पहाटेच अंडे घालते. आपण खुराड्याचे दार उघडतो तेव्हा अंडे गवतात पडलेले असते आणि मादी केव्हाच पाण्याकडे निघालेली असते. इतक्या सहज उरकलेल्या या गोष्टीमागे सुमारे चोवीस तासांचे अखंड काम असते. एखाद्या सकाळी तेच काम मध्येच थांबते. अंडे आत अडकते आणि घरातल्या माणसांची धावपळ सुरू होते. अशा वेळी काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे समजण्यासाठी अंड्याच्या वाटेने एकदा जाऊन यायला हवे.

बदकाच्या पोटात डावे अंडाशय आणि डावी अंडनलिकाच कामाची असते. उजवी बाजू पिल्लू अंड्यात असतानाच वाढायची थांबते. डाव्या अंडाशयातून पिकलेला बलक सुटतो आणि अंडनलिकेचे पसरट तोंड त्याला झेलते. पुढच्या टप्प्यांना किती वेळ लागतो हे कोंबडीत नीट मोजलेले आहे आणि बदकातही क्रम तोच असतो. पांढरा भाग चढायला तीनेक तास लागतात, त्यावरचे पातळ पापुद्रे तासा-सव्वा तासात तयार होतात, आणि मग एकट्या कवचासाठी तब्बल वीस तास जातात. आपण कढईच्या काठावर टिचकी मारून फोडतो ते हे कवच.

कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. कोंबडीच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि बदकाचे अंडे तर त्याहून मोठे. रक्तात एका वेळी फिरणारे कॅल्शियम यापुढे अगदी किरकोळ असते. शिवाय कवचाचे बरेचसे काम रात्री चालते, जेव्हा मादी काही खात नसते. मग एवढे कॅल्शियम येते कुठून?

हाडांमधून. अंडी घालण्याचे दिवस जवळ आले की मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळेच, ठिसूळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले हाड तयार होऊ लागते. शरीराला आधार देणे हे त्याचे काम नाही. ते फक्त कॅल्शियमचा साठा असते. रात्री त्यातले कॅल्शियम विरघळून रक्तात येते, दिवसा खाल्लेल्या दाण्यातून तो साठा पुन्हा भरतो, आणि अंड्यांचा हंगाम संपला की ते हाड नाहीसे होते. २००५ साली मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मोंटाना राज्यात सापडलेल्या टिरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडात तशाच हाडाच्या खुणा आढळल्याचे जाहीर केले. तो प्राणी सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. तुमच्या परसात चिखल चिवडणारी मादी अंड्यासाठी शरीराची जी युक्ती वापरते, तीच त्या अजस्र मादीनेही वापरली होती. हे वाचल्यापासून बदकाच्या पायांकडे मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. कॅल्शियमचे आणखी एक काम आहे. कोणताही स्नायू आकसतो तो पेशीतल्या कॅल्शियमच्या जोरावर. तयार अंडे बाहेर ढकलण्यासाठी अंडनलिकेच्या स्नायूंना जी कळ द्यावी लागते, तिलाही कॅल्शियमच लागते. म्हणजे कवच घडवते तेच कॅल्शियम आणि कवच बाहेर ढकलते तेही तेच. साठा कवचावरच संपला, तर अंडे तयार होऊन दाराशी येते आणि कळ मात्र उमटत नाही. अंडे अडण्यामागे हे एकच कारण असते असे नाही. अंडे वाजवीपेक्षा मोठे असते, मादी फार लठ्ठ असते, नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असतो, कधी पहिलीच वेळ असते. पण कॅल्शियमची ओढाताण हे फार नेहमीचे कारण आहे, आणि टाळता येण्याजोगेही.

अडलेली मादी ओळखू येते. ती कळपातून बाजूला होते, खात नाही, पुन्हा पुन्हा घरट्यात जाऊन बसते. छाती वर आणि शेपटी खाली अशी ताठ उभी राहते, कुंथते, तिची शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत राहते. विष्ठा कमी होते, कारण विष्ठा आणि अंडे यांचे बाहेर पडायचे दार एकच आहे. अशा वेळी तिला पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शांत बसू द्यावे. नंतर कोरडे करून उबदार, अंधाऱ्या, आवाज नसलेल्या खोलीत ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. पोट दाबू नये, बोट घालून अंडे ओढू नये. आत फुटलेल्या कवचाच्या कडा नलिका चिरतात, आणि मग जीव वाचवणे कितीतरी अवघड होते. डॉक्टर क्ष-किरणांनी अंडे कुठे आहे ते पाहतात, कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, गरज पडली तर कळा आणणारे औषध देतात. तरीही अंडे हलले नाही तर सुईने आतला द्रव शोषून घेतात, म्हणजे कवच आक्रसते आणि वाट मोकळी होते.

बलक नलिकेच्या तोंडात न पडता पोटाच्या पोकळीत पडला तरी मादी बाहेरून जवळजवळ अशीच दिसते. पोटात पाणी होते, सूज येते. तिथे कोमट पाण्याचा उपयोग नाही. म्हणून घरच्या घरी निदान करून दोन दिवस वाट पाहणे मला धोक्याचे वाटते.

पण हे सारे पाळीव बदकांतच इतके का दिसते? आपली बहुतेक पाळीव बदके रानातल्या मॅलार्ड बदकापासून आली. ती रानटी मादी एका वेतात आठ ते तेरा अंडी घालते आणि उबवायला बसते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या अॅडेल कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाकी कॅम्पबेल ही जात तयार केली, आणि भारतातही ती भरपूर पाळली जाते. चांगली खाकी कॅम्पबेल वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. हाडे तीच, नलिका एकच, आणि काम वीस पटींहूनही जास्त. हा भार आपण माणसांनी तिच्यावर लादलेला आहे. तेव्हा तो हलका करणेही आपल्याकडेच येते.

तो हलका करण्याचा एक मार्ग आहे उजेड कमी करणे. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी नर बदकांवर प्रयोग केले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण काही बदकांचे डोळे काढलेले होते. तरीही प्रकाश दिला की त्यांची प्रजननग्रंथी वाढत होती. बेन्वांनी क्वार्ट्झच्या कांडीतून प्रकाश थेट मेंदूच्या तळाशी पोहोचवला, तेव्हाही तेच घडले. बदकाच्या मेंदूत, कवटीच्या आत, उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. पिसे, कातडी आणि हाड यांतून झिरपणारा प्रकाश त्यांना पुरतो. दिवस मोठा झाला हे त्या ओळखतात आणि अंडाशय जागे होते.

इंग्लंडात हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो, बदकांना आपोआप विश्रांती मिळते. महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवसही अकरा तासांचा असतो, आणि वर आपण अंगणात रात्रभर दिवा जळता ठेवतो. एकदा अडलेल्या मादीसाठी तो दिवा आधी बंद करा. तिला संध्याकाळी लवकर हवेशीर, सुरक्षित, अंधाऱ्या खुराड्यात न्या आणि सकाळी उशिरा सोडा. अंडी रोज उचलू नका. घरट्यात नकली अंडी ठेवली तर मादी उबवायला बसण्याचा आणि अंडी थांबण्याचा संभव वाढतो. पुन्हा पुन्हा अडत असेल तर अंडाशय काही महिने शांत ठेवणारे संप्रेरक कातडीखाली बसवता येते, याविषयी डॉक्टरांना विचारा.

खाण्यात अंडी देणाऱ्या पक्ष्यांचेच खाद्य द्या, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जाड तुकडे पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, रात्रभर सावकाश विरघळतात, म्हणजे नेमके कवच बनत असताना. चुरा सगळ्यांच्या दाण्यात मिसळू नका, कारण नराला जास्तीचे कॅल्शियम नको असते, त्याने मूत्रपिंडे बिघडतात. किती खायचे हे मादीवर सोडा. कोंबड्या गरजेच्या वेळी कॅल्शियम स्वतः शोधून खातात, हे तपासून पाहिलेले आहे.

आणि एक काम आजच करा. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर बरेच भेटतात, पक्षी तपासणारे कमी. तुमच्या गावाजवळ असा पशुवैद्य कोण आहे, रविवारी तो भेटतो का, हे मादी धडधाकट असतानाच विचारून त्याचा फोन नंबर खुराड्याच्या दारावर लिहून ठेवा.