हवेतल्या पाण्यात दडलंय काय?

चेन्नईच्या उत्तरेला समुद्रालगत एन्नोर आहे. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला खाडी. त्यामुळे इथली हवा कायम दमट. २६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री इथल्या एका खत कारखान्याच्या समुद्राखालच्या नळातून अमोनिया वायू गळला. कोळी वस्त्यांतली माणसे झोपेतून उठली ती डोळ्यांची आग आणि कोंडलेला श्वास घेऊनच. कित्येकांना इस्पितळात न्यावे लागले. कारखान्याजवळच्या हवेत दर घनमीटरला २,०९० मायक्रोग्रॅम अमोनिया आढळला. मर्यादा आहे ४०० ची.

त्रास डोळ्यांना आणि घशालाच का झाला? कारण तिथे ओलावा असतो आणि अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो.

हवेतही पाणी असतेच. ते दिसत नाही, पण दाखवता येते. स्टीलच्या पेल्यात पाणी, बर्फ आणि चिमूटभर कुंकू घाला. पेला बाहेरून कोरडा पुसा. थोड्याच वेळात बाहेरून थेंब जमतील आणि ते रंगहीन असतील. म्हणजे पाणी पेल्यातून झिरपलेले नाही, हवेतून आले आहे. ते पाणीच आहे याची खूण शाळेच्या प्रयोगशाळेत पटते. निळा मोरचूद तापवला की पांढरा पडतो. त्यावर हा थेंब टाकला की पुन्हा निळा होतो.

दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत, तीस अंश तापमानाच्या दमट हवेत, अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तरंगत असते. ही वाफ शुद्ध असते. मात्र तिचा थेंब झाला की हवेतले वायू त्यात विरघळू लागतात.

हेही पाहता येते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाचे दोन तुकडे घ्या. एक ओला करा, दुसरा कोरडाच ठेवा. नवसागर आणि चुना एकत्र केला की अमोनिया निघतो. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून करावा. त्या वायूवर धरताच ओला तुकडा लालसर होतो, कोरडा जवळजवळ पिवळाच राहतो. साबण लागला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, तसेच हे.

जो ओलावा अमोनियाला डोळ्यांत ओढतो, तोच त्याला अडवूही शकतो. म्हणून अशी गळती झाली तर नाकातोंडावर ओले फडके धरावे आणि वाऱ्याला आडवे होऊन, गळतीपासून दूर निघून जावे.