ड्राइव्ह नव्या चकतीला ओळखत का नाही?

जुन्या गाण्यांची सीडी घातली की संगणक लगेच गायला लागतो. आणि दुकानातून नुकतीच आणलेली, एकही ओरखडा नसलेली चकचकीत चकती घातली, की पडद्यावर शब्द येतात, 'कृपया चकती घाला.' अहो, घातली आहे की! आता नव्या लॅपटॉपमध्ये हा ड्राइव्ह बहुधा नसतोच. पण दोस्तांनो, शाळेतल्या जुन्या संगणकात नाहीतर यूएसबीला जोडायच्या ड्राइव्हमध्ये हा प्रकार अजून घडतो. मग घरातली मोठी माणसं निदान करून मोकळी होतात, "ड्राइव्ह गेला. टाकून द्या!" थांबा जरा. ड्राइव्ह 'ओळखतो' म्हणजे काय करतो, ते आधी बघू या.

त्याला चकतीवरचं नाव वाचता येत नाही. त्याच्याजवळ असतो लेसरचा बारीक किरण आणि एक इवलंसं भिंग. किरण चकतीवर पडतो, परत फिरतो, आणि किती उजेड परत आला यावरून ड्राइव्ह सगळं ताडतो. कारखान्यात छापलेली सीडी ७० टक्के किंवा त्याहून जास्त उजेड परत पाठवते. पुसून पुन्हा लिहिता येते ती सीडी-आरडब्ल्यू मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के. म्हणून भिंगावर धूळ बसली किंवा लेसर म्हातारा झाला, की छापलेली सीडी चालते आणि आरडब्ल्यू त्याला दिसतच नाही!

आणखी एक. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोन लेसर असतात बरं का. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. एक बिघडला तरी दुसरा काम करत राहतो. सगळ्या सीडी चालतात पण एकही डीव्हीडी चालत नाही, असं झालं तर संशय लाल लेसरवर घ्यायचा. मात्र ड्राइव्ह उघडून आत डोकावायचं नाही. हा किरण डोळ्यांना इजा करतो, आणि न दिसणारा तर जास्तच फसवा.

खरी गंमत पुढेच आहे. कोरी चकती कोरी नसतेच! तिच्यावर कारखान्यातच गोल गोल फिरत जाणारी एक बारीक खाच कोरलेली असते. चकती कोणत्या जातीची, कोणी बनवली, याची खूण त्या खाचेबरोबरच दडवलेली असते. ड्राइव्हच्या स्मरणात अशा खुणांची यादी असते, आणि कोणत्या चकतीवर कसं लिहायचं ते तो त्या यादीत बघतो. आता ड्राइव्ह २००५ सालचा आणि चकती त्यानंतर निघालेली असेल तर? नवा मुलगा वर्गात येऊन बसला आहे, पण हजेरीपटावर त्याचं नावच नाही! काही कंपन्यांनी अशा ड्राइव्हसाठी नवी यादी दिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. पण ते काम आई-बाबांना बरोबर घेऊनच करा, कारण मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो.

२०१४ साली आमच्या शाळेत चौथीच्या निरोप समारंभाचे फोटो प्रत्येक मुलाला चकतीवर द्यायचे ठरले. एका पालकांनी पंचवीस कोऱ्या चकत्यांचा डबा भेट दिला. संगणक एकही चकती घेईना! मुलांचे चेहरे उतरले. मग आम्ही फळ्यावर घरं आखली. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाण्यांची सीडी घातली, चालली. सिनेमाची डीव्हीडी, तीही चालली. डब्यातली कोरी चकती, नाही. डब्यातलीच दुसरी, नाही. तीच चकती शेजारच्या घरातल्या संगणकात घातली, तर क्षणात ओळखली. म्हणजे ड्राइव्ह चांगला आणि चकतीही चांगली! मग बिनसलं कुठे? एका मुलीने ड्राइव्हच्या तोंडावरची बारीक अक्षरं वाचली. सीडीच्या खुणेखाली 'रिरायटेबल' होतं, डीव्हीडीच्या खुणेखाली नुसतं 'रॉम'. हा ड्राइव्ह डीव्हीडी वाचणारा, पण लिहिणारा फक्त सीडीवर. डब्यात होत्या कोऱ्या डीव्हीडी! पालकांनी डबा बदलून सीडी आणल्या. सीडीवर ७०० एमबी मावतात, डीव्हीडीवर ४.७ जीबी. आमचे फोटो ७०० मध्ये आरामात बसले.

घरी हे सगळं करण्याआधी साध्या गोष्टी बघून घ्या. चकती उलटी तर नाही ना? (हसू नका, होतं असं!) मधल्या भोकात नीट बसली आहे का? बोटांचे डाग असतील तर मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. कारण माहिती गोल वळशांमध्ये असते. आडवा ओरखडा प्रत्येक वळशाला थोडासाच कापतो, आणि सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट ड्राइव्ह हिशोब करून भरून काढतो. वळशाच्या दिशेने लांब ओरखडा गेला तर मात्र त्याचा हिशोब कोलमडतो. तडा गेलेली चकती कधीच घालू नका. जोरात फिरताना तिचे तुकडे उडतात.

यूएसबीचा ड्राइव्ह असेल तर त्याची वायर थेट संगणकाला जोडा. एकाच जागेतून चार वस्तू जोडल्या की त्याला पुरेशी वीज मिळत नाही. मग चकती जेमतेम फिरते नि थांबते, आणि दोष मात्र चकतीला लागतो.

आणि आजीच्या साठीची, ताईच्या लग्नाची अशी घरी लिहिलेली चकती कधी चालते, कधी चालत नाही अशी झाली असेल, तर तपासण्या नंतर. चालेल त्या दिवशी आधी तिची नक्कल संगणकात उतरवून घ्या. अशा चकतीत माहिती बहुधा एका रंगाच्या थरात असते, आणि उन्हाने तो थर खराब होतो. तेव्हा खिडकीत ठेवली असेल, तर आजच कपाटात हलवा.