ऊन सगळ्यांचं, भाडं कुणाचं?

उन्हाचं आपल्याला कधी फारसं कौतुक नव्हतं. पापड-कुरडया वाळवायला, गहू-डाळी कडक करायला ते हवं असायचं. एरवी डोक्यावर पदर घेऊन सावली गाठायची. आता मात्र याच उन्हाला भाव आला आहे. एसटीच्या खिडकीतून बघितलं तर माळरानावर निळ्या-काळ्या काचांच्या रांगाच रांगा दिसतात. लोक त्याला ‘सोलरचं शेत’ म्हणतात. आणि ज्या गावात ते शेत यायचं असतं, तिथे पारावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘जमीन विकायची नाही, नुसती भाड्यानं द्यायची आहे.’’

आपल्या राज्याला हे अगदी नवीन नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्येच सुरू झाला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल लावायचे आणि तिथली वीज आसपासच्या शेतीपंपांना दिवसा द्यायची, अशी ही योजना. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला.

दिवसा वीज म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या बायकोला विचारावं. रात्री दोनला लाइट येणार म्हणून नवरा किंवा मुलगा बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो. विंचू-काट्याची, बिबट्याची भीती. तो परत येईपर्यंत घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ती झोप परत मिळणार असेल, तर सौरऊर्जेला नाही म्हणणारी मी कोण? तेव्हा आधीच सांगते, हा लेख प्रकल्पाच्या विरोधात नाही. प्रकल्प येताना बाईला कुणी विचारतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

बचत गटांच्या कामानिमित्त मी आमच्या तालुक्यातल्या गावांमध्ये फिरते. अशाच एका गावात सोलरसाठी जमिनी मागायला माणसं येऊन गेली होती. बैठकीला बावीस जणी होत्या. मी विचारलं, ‘‘सातबाऱ्यावर तुमच्यापैकी किती जणींचं नाव आहे?’’ तीन हात वर आले. त्यातल्या दोघी विधवा. बाकीच्या जणी पेरणीपासून मळणीपर्यंत त्याच रानात राबतात, पण कागदावर त्या कुठेच नाहीत. करार होईल तो कागदावरच्या माणसाशी आणि भाडं जमा होईल तेही त्याच्याच खात्यात.

हे भाडं काही चिल्लर नाही. २०२३ च्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, किंवा जमिनीच्या सरकारी किमतीच्या सहा टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम ठरली. वर दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकराला निदान पन्नास हजार. तीन टक्क्यांची वाढ धरली, तर पंचविसाव्या वर्षी तेच भाडं लाखाच्या घरात जातं. कोरडवाहू रानाला एवढं कोण देतं? पण शेतातलं पीक घरात येतं तेव्हा बाई त्यातून दोन पायल्या ज्वारी बाजूला ठेवते, शेंगा विकून मुलीची फी भरते. बँकेतल्या भाड्याला तिचा हात लागत नाही. जमीन पिकत होती तेव्हा निदान कामात तरी तिचा वाटा होता. आता कामही नाही आणि हिशेबही नाही, असं व्हायला नको.

त्या बैठकीत कोपऱ्यात एक भूमिहीन बाई बसली होती. ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. ‘‘ताई, यांचं भाडं तरी येईल. माझी खुरपणी गेली की मी काय खाऊ?’’ तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिच्या नवऱ्याचंही नाही. मग करारात तिच्याबद्दल एक ओळ तरी कोण लिहिणार?

तिची भीती उगाच नाही, हे कर्नाटकातल्या पावागडाकडे बघितलं की कळतं. तुमकुरू जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात पाच गावांची सुमारे तेरा हजार एकर जमीन घेऊन २०५० मेगावॉटचा सौर पार्क उभा राहिला. २०१८ मध्ये त्याची सुरुवात झाली. तिथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला एकवीस हजार रुपये ठरले. पाऊस नसलेल्या गावात ठरलेला पैसा घरात येऊ लागला, हा मोठा आधारच. मोठ्या जमीनदारांचं तर चांगलंच बस्तान बसलं. पण ज्यांना जमीनच नव्हती त्यांची शेतमजुरी गेली. चराईची रानं कुंपणात गेल्यावर अनेकांना मेंढ्या-शेळ्या विकाव्या लागल्या. पार्कात कामं निघाली ती पॅनेल धुण्याची, गवत काढण्याची, राखणीची, आणि तीही मोजक्यांनाच. एकच प्रकल्प, एकच गाव, पण एका घरात दिवाळी आणि शेजारच्या घरात अंधार.

आपल्या योजनेतही सरकारी आणि गायरान जमिनी मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात. गायरान म्हणजे ‘पडीक’ असं कागद म्हणतो. पण जिच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि एक गुंठाही जमीन नाही, तिची तीच शेती असते. सरपण तिथलं, चारा तिथला.

सक्तीच्या भूसंपादनाची कथा आणखी वेगळी. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील आठवतात ना? दोंडाईचाच्या वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीला तुटपुंजा मोबदला मिळाला, म्हणून त्यांनी किती खेटे घातले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं आणि काही दिवसांनी ते गेले. नंतर धावपळ खूप झाली, पण गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून जे विचारायचं ते सही करण्याआधी.

मग आपण काय करायचं?

पहिलं, सातबारा काढून बघा. पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. त्यासाठी शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा आग्रह धरला, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीतही २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भावाने ‘जरा सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे केलं, तर निदान वाचून तरी बघा.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, असं आपल्या राज्याचा कायदाच सांगतो. बऱ्याच गावांत ती नुसती वहीत होते. सोलरचा विषय असेल, तेव्हा ती खरोखर भरवा. जमीन नसलेल्या बायांना आवर्जून बोलवा. योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये द्यायची तरतूद आहे. ते कमानीला घालायचे की अंगणवाडीला, हे तिथे बोला.

तिसरं, करारातल्या अटी. भाडं पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जमा व्हावं. पॅनेल धुण्याचं आणि गवत काढण्याचं काम गावातल्या बचत गटाला मिळावं. धुण्याचं पाणी कुठून आणणार, हे लिहून घ्यावं. पंचवीस-तीस वर्षांनी काचा आणि लोखंड कोण उचलणार, जमीन कशी परत मिळणार, हेही. आणि कुंपणाच्या आतला चारा कुणाचा, हा प्रश्न तर हवाच. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने पॅनेलच्या रांगांमधल्या जागेत मूग-मटकीसारखी पिकं घेऊन दाखवली आहेत. म्हणजे काचांखालची जमीन अगदीच मेलेली असते असं नाही. विचारणारं कुणी हवं.

तुमच्या गावात सोलरची मोजणी सुरू झाली असेल, तर पुरुष मंडळी दराची घासाघीस करतीलच. ती करू द्या. पण घरातला कागद आज रात्री जेवणं झाल्यावर बाहेर काढा, चष्मा लावा आणि नावं वाचा. आणि शेजारची खुरपणीवाली मावशी पुढच्या सभेला तुमच्यासोबत येईल, एवढं बघा.