आधी आवाज, मग गाणं, आता तबकडी

गेल्या सव्वाशे वर्षांत ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात नक्कल कधी थांबली नाही. फक्त नक्कल कशाची करायची ते बदलत गेलं. ज्या काळी ज्या गोष्टीला भाव होता, त्या काळी तिची खोटी प्रत निघाली.

पहिला काळ आवाजाचा. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या गाणं संपवताना आपलं नाव इंग्रजीत सांगतात. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि कोणतं लेबल लावायचं हे तिथल्या कामगारांना त्या उच्चारावरून कळे. सोय कारखान्याची होती, पण ऐकणाऱ्याला आवाज कुणाचा याची खात्रीही आपोआप मिळाली. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला, आणि १९१४ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रिकेला संरक्षण मिळालं.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत तबकडीवरचं गाणं चावीच्या फोनोवरून आलं. गावात वीज नव्हती, पण चावीला विजेची गरज नव्हती. देशभरातल्या अशाच गावांमुळे ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या तबकड्या, पाश्चात्त्य देशांत बंद पडल्यावरही, इथे १९६० च्या दशकात निघत राहिल्या. त्यामुळेच बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ गतीवर छापली गेली. आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्यांच्या मागे असतात.

पुढे लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवाला आला. झाडाला कर्णा बांधायचा आणि हळदीपासून वरातीपर्यंत रेकॉर्डी वाजवायच्या. या रेकॉर्डींची नक्कल करणं सोपं नव्हतं, कारण त्याला साचे लागतात, छापणारं यंत्र लागतं. ती अडचण कॅसेटने दूर केली आणि दुसरा काळ, गाण्याच्या नकलेचा, सुरू झाला. १९८० च्या दशकात दोन डेक असलेला टेप हाच कारखाना झाला. जत्रेतल्या दुकानात मूळ गायकाचा फोटो आणि आत भलत्याचाच आवाज, ही त्या काळची नेहमीची फसगत. फिकट छपाई, अशुद्ध नावं, कंपनीचा पत्ता गायब, एवढ्यावरून जाणकार ओळखत. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५२अ हे कलम आलं आणि निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारक आणि प्रकाशनाचं वर्ष वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं.

तिसरा काळ आजचा. गाणं मोबाइलवर फुकट मिळतं, म्हणून भाव वस्तूला आला. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची १९८२ ची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि मूळ प्रत दुर्मीळ ठरली. पुनर्मुद्रण म्हणजे खोटेपणा नव्हे. पुनर्मुद्रणाला मूळ प्रत म्हणून विकणं हा खोटेपणा.

तो ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. लेबलाच्या कडेच्या कोऱ्या पट्ट्यावर मॅट्रिक्स नंबर कोरलेला किंवा ठोकलेला असतो. तो अस्सल प्रतीशी ताडून पाहायचा. वेष्टन स्कॅन करून छापलं असेल तर बारीक अक्षरं भिंगाखाली फुटतात. लेबल मूळ छपाईत उष्णता आणि दाबाने बसतं, डिंकाने नव्हे. आणखी एक खूण कानाची. पृष्ठभाग आरशासारखा आणि आवाजात मात्र जुनी खरखर, तर ही प्रत दुसऱ्या झिजलेल्या तबकडीवरून उतरवलेली असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत व्ही-जे कंपनीच्या ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ची इतकी नक्कल झाली, की लेबलावर शीर्षक आणि गटाचं नाव मधल्या भोकाच्या वर-खाली असेल तर ती प्रत खोटी, हा नियमच पडला.

मुंबईच्या चोरबाजारात तर फोनोचीही नक्कल मिळते. नवा चकचकीत पितळी कर्णा, दुसऱ्याच यंत्राची मोटर, त्यावर एचएमव्ही कंपनीचं कुत्र्याचं चित्र. शहापूर-मुरबाडकडच्या फार्महाऊसच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवायला तेवढं पुरतं. अस्सल काय याची नोंद ठेवायचं काम मात्र संग्राहकांनीच केलं. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून ही माहिती जपली.

या मागोव्यातून बाजाराची एक विसंगती दिसते. संग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतो तो कोऱ्या, न वाजलेल्या प्रतीला; आणि नक्कल करणाऱ्यालाही नेमकी तीच प्रत बनवायला सोपी. लाऊडस्पीकरवाल्याने लेबलावर शाईने घातलेलं आपलं नाव, दुकानाचा शिक्का, सुईने झिजवलेल्या खाचा यांनी किंमत उतरते. पण एवढं सगळं खोटं घडवण्याची मेहनत कुणाला परवडत नाही. किंमत पाडणाऱ्या त्या खुणाच अस्सलपणाची सर्वांत भरवशाची साक्ष देतात. घेणाऱ्याने भाव विचारण्याआधी त्या पाहाव्यात.