जळालेल्या दप्तरातून पूर्वजांचा शोध

१९२२ सालच्या ३० जून रोजी डब्लिन शहरावर जळक्या कागदांचे तुकडे वाऱ्याने उडत येऊन पडत होते. आयर्लंडमधील यादवीला नुकतेच तोंड लागले होते. ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या वास्तूत ठाण मांडून बसलेल्या बंडखोरांवर नव्या सरकारने तोफा डागल्या, आणि अखेरीस झालेल्या स्फोटाने व आगीने तेथील सरकारी दप्तरखाना भस्मसात केला. सुमारे सात शतकांचे कागद होते ते. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची जवळजवळ सर्व पत्रके, असंख्य मृत्युपत्रे आणि ‘चर्च ऑफ आयर्लंड’ या पंथाच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या.

सगळा दोष आगीच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. १८६१ व १८७१ च्या जनगणनांची पत्रके बेरजा-वजाबाक्या आटोपताच सरकारने स्वतःच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दी म्हणून कागदाच्या लगद्यात गेली. तोफांच्या आधी कारकुनांनीही आपला वाटा उचलला होता, म्हणावयाचा.

या हानीची झळ पोहोचली ती दूरदेशी गेलेल्यांच्या वंशजांना. १८४५ पासून बटाट्याच्या रोगामुळे जो दुष्काळ पडला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तेवढ्यांनीच देश सोडला. त्यांची पणतवंडे आज अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. पणजोबांच्या थडग्यावर किंवा विवाहाच्या दाखल्यावर पुष्कळदा एवढेच आढळते : जन्म, आयर्लंड. पण आयर्लंडमध्ये कोठे? तेथे ‘टाउनलँड’ नावाचा जमिनीचा सर्वांत लहान विभाग असतो. आपल्या वाडीएवढाच म्हणा ना. असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत, आणि तो एक शब्द सापडल्यावाचून पुढचा शोध चालत नाही. आपण कोण, हे ठाऊक असावे आणि आपण कुठले, हे ठाऊक नसावे, यातली तळमळ परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी घरांना कोणी समजावून सांगावी लागत नाही.

तो शब्द बहुधा आयर्लंडमध्ये नव्हे, तर जेथे माणूस जाऊन पोहोचला तेथेच सापडतो. बॉस्टन येथील ‘पायलट’ या पत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षे हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती येत असत. भाऊ भावाला शोधी, बायको नवऱ्याला. हा माणूस अमुक परगण्यातला, अमुक पॅरिशमधला, अमुक टाउनलँडचा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असे. ज्यांच्यापाशी दुसरा एकही कागद नाही, अशा कित्येकांचा ठावठिकाणा त्या चार ओळींत सुरक्षित राहिला आहे.

पण आम्हांस सर्वांत नवल वाटले ते निवृत्तिवेतनाच्या अर्जांचे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वेतन मंजूर झाले आणि १९०९ च्या पहिल्या दिवसापासून ते सुरू झाले. परंतु आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ साली! सत्तर वर्षांच्या म्हातारीने दाखला आणावा कोठून? मग अधिकारी विचारीत, ‘मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?’ १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री त्या देशावर भयंकर वादळ कोसळले होते. ते ज्याला आठवते तो सत्तरीचा, हा सरळ हिशेब. त्या वर्षी कित्येकांची स्मरणशक्ती अकस्मात तल्लख झाली असावी. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवल्या, तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे त्यांत भेटतात.

आम्हां शाळामास्तरांना हा प्रकार मुळीच परका नाही. शाळेच्या प्रवेशनोंदवहीत एक जून ही जन्मतारीख किती मुलांच्या नावापुढे आहे, हे कोणत्याही मुख्याध्यापकास विचारावे. ‘पूर आला त्या साली झाला’ एवढेच आई सांगते. तारीख आम्ही घालतो.

ज्यांना वाऱ्याची साक्ष पुरत नसे, ते १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आपले नाव शोधण्याचा अर्ज करीत. अर्जात आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव व टाउनलँड लिहावे लागे. कारकून मूळ पत्रक काढून त्या घरात कोण कोण सापडले, हे त्याच अर्जावर टिपून ठेवी. पुढे मूळ पत्रके जळाली. हे अर्ज मात्र डब्लिन व बेलफास्ट येथे शाबूत आहेत. पाच शिलिंगांसाठी केलेल्या खटपटीने एका नाहीशा झालेल्या जनगणनेचे तुकडे वाचविले.

कॅथलिक पॅरिशच्या वह्या सरकारजमा झालेल्या नव्हत्या, म्हणून बहुतांशी वाचल्या. २०१५ पासून त्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. नावे पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. जेम्सचा जॅकोबस झालेला पाहून नवखा शोधक दुसऱ्याच घराच्या मागे लागतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव सहसा असते, हा मोठाच आधार. आपल्याकडच्या जुन्या वंशावळी उघडाव्यात, तर लेकीसुनांच्या जागी नुसती पोकळी! आमच्या मते आपण याची थोडी लाज बाळगावयास हवी.

नाव ठेवण्याची रीतही वाट दाखविते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. ही रीत सर्वांनी पाळली असे नव्हे. तिने सुचविलेले नाव दुसऱ्या कागदाने ताडून पाहावे. त्यासाठी १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथ यांची मालमत्तेची आकारणी उपयोगी पडते. तीत प्रत्येक टाउनलँडमधील कुळाचे व जमीनमालकाचे नाव आहे. बायकामुले नाहीत, वयेही नाहीत.

एक धागा आपल्या अंगणातूनही जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांतील चर्चांमधल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. राजाच्या सैन्यातून निवृत्तिवेतनावर गेलेल्या शिपायाच्या कागदांत त्याची जन्माची पॅरिशही सापडते. छावणीच्या गावी राहणाऱ्या ज्या अँग्लो-इंडियन घरांत आयरिश आडनाव आहे, त्यांनी डब्लिनकडे धाव घेण्यापूर्वी हे पाहावे.

२०२२ साली, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, जगभरच्या ग्रंथालयांतून जळालेल्या कागदांच्या नकला व उतारे गोळा करून ते नष्ट दालन संगणकावर पुन्हा उभारण्याचे काम लोकांसाठी खुले झाले. आणि त्या ढिगाऱ्यातून उचललेली, कडा करपलेली चर्मपत्रे कित्येक दशके पुडक्यांत बांधून तशीच ठेवलेली होती. ती पुडकी आता एकेक करून सोडविली जात आहेत.